राख होण्याआधी

आमच्याकडे ऋतू पाहून नाव ठेवतात.
पावसात झाली ती नाफुला,
कापणीत झाली ती नेकेसा,
आणि कोरड्या महिन्यांत, धुरानं डोंगर दिसेनासा झाला असताना
जी जन्माला आली, ती नासिमियू.
माझी धाकटी जाऊ.

मका सोलून झाला की बुंगोमाच्या या चढावर
धाटं, रिकामी कणसं, उसाचं पाचट
सगळे बांधाशी रचतात, काडी लावतात.
दोन तासांत रान मोकळं.
राख शेजारणीच्या वाळवणावर,
आणि रात्रभर म्हातारीचा खोकला.

नासिमियूनं खड्डा खणला,
तोंडाशी रुंद, तळाशी निमुळता, कंबरेइतका खोल.
"कोणाला पुरतेस गं?" मी विचारलं.
म्हणाली, "धुराला."

तिनं ढीग वरून पेटवला.
उलटीच बाई!
पण जाळ वरच नाचत राहिला,
खालून येणारा धूर त्याच्या तोंडात जाऊन जळून गेला.
वरचा थर पांढुरका दिसू लागला की त्यावर दुसरा,
तो पांढुरका झाला की तिसरा.
चुलीवर दूध ठेवून उभं राहावं
तशी ती उभी. पापणी हलेना.
"कधी थांबवायचं, एवढंच कळायला हवं.
उशीर झाला की राख."
मग ओढ्यावरून डोक्यावर आणलेले
पिवळे कॅन, सात.
फस्सकन आवाज झाला, तो अख्ख्या टेकडीनं ऐकला.

तळातून निघालं ते एकमेकांवर आपटलं
तर काचेसारखं किणकिणलं.
कणीस कणसासारखंच. दाण्यांची घरं जिथल्या तिथं,
काळी, रिकामी.

पहिल्या वर्षी तिनं ते तसंच शेतात मिसळलं.
मका गुडघ्याला आला आणि पिवळा पडला.
रिकाम्या घरांनी आधी स्वतःचं पोट भरलं,
जमिनीत होतं नव्हतं ते ओढून घेतलं.
आम्ही हसलो. मीही.
कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हटलं.
दीर, वेपुखुलू, हसला नाही.
त्यानं उरलेलं पोत्यांत भरलं
आणि चौकात नेऊन विकलं, लोकांच्या चुलींसाठी.
थोरलीची अर्धी फी भागली.
त्या रात्री त्यांच्या घरातून भांड्याचाही आवाज आला नाही.

दुसऱ्या वर्षी ती काळं ओझं घेऊन गोठ्यात शिरली.
गाईच्या पायाखाली अंथरलं, महिनाभर.
मूत, शेण, जे सांडेल ते पिऊ दिलं.
"उपाशी माणसाला कामाला जुंपू नये," म्हणाली,
"आधी जेवू घालावं."
सासू नाक धरून आत गेली,
बाहेर आली तेव्हा हात नाकावर नव्हता.
गोठ्याला वासच उरला नव्हता.

त्या वर्षी मे महिन्यात पाऊस अकरा दिवस गडप.
माझी माती विटेसारखी तडकली.
तिच्या पट्ट्यात (पट्टाच तो, पाव एकराचा,
एवढा कोळसा आणणार कुठून)
काठी खुपसली तर टोकाला ओल.
मका माझ्यापेक्षा वीतभर उंच.
वीतभरच. जास्त सांगत नाही.

विकायचं की पुरायचं, हा वाद अजून मिटलेला नाही.
कोळशाचा भाव चढला की वेपुखुलू पोत्यांकडे बघतो,
आणि ती त्याच्याकडे.

परवा तिची धाकटी शाळेतून रडत आली.
शेताचं चित्र काढलं होतं.
बाईंनी काळ्या मातीवर काट मारून
वर लाल खडू फिरवला होता,
आपली माती लाल असते म्हणून.
नासिमियूनं वही बघितली, मिटली.
शेतात गेली, कुदळीनं थोडं उकरलं,
कागदाच्या पुडीत बांधून दप्तरात ठेवलं.

मग माझ्याकडे वळली.
"अक्का, तुमची धाटं पेटवलीत?"
"नाही अजून."
"थांबा मग. फावडं घेऊन येते."